शेवंडीच्या दोन शेपट्या

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ६ वाजून ५ मिनिटे.

तीन नंबरच्या खोलीचं तापमान घेत होतो. उणे एकोणीस. रजिस्टरात लिहिलं, सही केली आणि वळताना डाव्या फळीवर तो डबा दिसला. पुठ्ठ्याचा कोपरा फाटलेला, आतून काळपट लाल कवच दिसत होतं. डब्यावर चित्र होतं शेवंडीचं. आत फक्त शेपट्या, नग दोन.

मी तिथे किती वेळ उभा होतो ते सांगता येत नाही. बाहेरून उस्ताद ओरडला, "पारा, आत गोठलास का रे?" तेव्हा बाहेर आलो.

आमचं कोल्ड स्टोरेज म्हणजे बर्फाच्या चार खोल्या. मी तापमान लिहितो म्हणून सगळे मला पारा म्हणतात. उस्ताद माल उचलायची गाडी चालवतो, मला दहा वर्षांनी मोठा आहे. दुसरं काम माझ्याकडे बिल्ल्यांचं आहे. आत जाणारा माणूस आपला पितळी बिल्ला दाराबाहेरच्या खिळ्याला टांगतो, बाहेर आला की काढून घेतो. सगळे खिळे रिकामे दिसले की मी दार लावायचं. तीन वर्षांपूर्वी एक बिल्ला माझ्या नजरेतून सुटला. उस्तादचाच होता. चाळीस मिनिटं तो आत होता. तो आता त्याचा विनोद करतो, मला करता येत नाही.

घरी आल्यावर जुन्या वह्या काढल्या. दोन वर्षांपूर्वीची १६ मार्च, गुरुवार, संध्याकाळी सव्वासात. माझी आठवण बरोबर होती. लिहिलं होतं: "मोठ्या हॉटेलच्या काचेपाशी ती थांबली. आत पाण्याच्या टाकीत शेवंडी होत्या. म्हणाली, एकदा आपण हे खायचं. पण इथे नको, इथले लोक आधी आपल्या चपलांकडे बघतात. घरी खायचं. मेणबत्ती लावून, दार लावून. मी हो म्हटलं." लग्नाला तेव्हा बावीस दिवस झाले होते.

त्यानंतरच्या वह्यांत शेवंडीचा उल्लेख नाही. सगळ्या चाळल्या.

ती माहेरी गेली त्याला आज एकशेतीस दिवस झाले. जाताना तिने तिच्याकडची किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली. अजून तिथेच आहे. भिंत झाडताना मी तिला धक्का लागू देत नाही.

२२ फेब्रुवारीला शनिवार आहे. लग्नाला दोन वर्षं होतील.


बुधवार, ५ फेब्रुवारी.

फाटका डबा गिऱ्हाइकाला जात नाही. तो आमच्यातल्याच कोणाला तरी अर्ध्या किमतीत मिळतो, पण पाळीने. पाळीची यादी फळ्यावर आहे. माझी पाळी मे महिन्यात. या महिन्यात उस्तादची.

जेवणाच्या सुट्टीत त्याला विचारलं.

"तुला काय करायचंय शेवंड? तू तर अंड्यालासुद्धा घड्याळ लावतोस."

"करायचंय."

"कोणासाठी?"

 त्याने डबा बंद केला, बोटं पुसली. म्हणाला, "चार रविवार माझी ड्युटी तू करायची. चार म्हणजे चार."

"मान्य."

"अरे, घासाघीस तरी कर! तीन म्हण."

मला ते सुचलं नव्हतं. चार कबूल केले होते, ते तसेच ठेवले.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी. संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटे.

तिला फोन केला. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं होतं. सहा वाक्यं. पहिल्यानंतरच कागद निरुपयोगी ठरला.

"बोल," ती म्हणाली.

"जेवलीस का?"

"पावणेआठला कोण जेवतं?"

"बरोबर." मग मी चौथं वाक्य वाचलं. "बावीस तारखेला शनिवारी संध्याकाळी जेवायला येशील का? मी शेवंड करणार आहे."

 वाटलं फोन कटला. मागे सासूबाई कोणाला तरी दूध उतू जाईल म्हणून ओरडत होत्या.

"काय करणार आहेस?"

"शेवंड. शेपटी. लोण्यात."

"तू?"

"हो."

"बघते," ती म्हणाली. फोन ठेवला.

'बघते' म्हणजे काय, याचा दोन तास विचार केला. आई 'बघू' म्हणायची तेव्हा ते नाही असायचं. ती 'बघते' म्हणायची तेव्हा कधी हो असायचं, कधी नाही. वह्यांत पाहिलं तर अकरा वेळा 'बघते' सापडलं. सहा वेळा हो.


रविवार, ९ फेब्रुवारी.

उस्तादचा पहिला रविवार भरला. दुपारी मोठ्या हॉटेलचा आचारी माल न्यायला आला. धीर करून विचारलं, ओव्हन नसेल तर शेवंडीची शेपटी कशी करायची. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. चपलांकडेही पाहिलं.

पण सांगितलं मात्र नीट. कात्रीने पाठीवरून कवच मधोमध कापायचं, शेवटच्या पंख्यापर्यंत, पंखा कापायचा नाही. काळी शीर काढायची. अंगठ्याने मांस सुटं करून कवचावर उचलून ठेवायचं. लोणी, लसूण, मीठ, वर झाकण, बारीक आच.

"किती मिनिटं?"

"मिनिटं नाही बघायची. मांस काचेसारखं दिसतं ना, ते पांढरं झालं की उतरवायचं. त्याच्या पुढचं प्रत्येक मिनिट म्हणजे चप्पल."

"आतलं तापमान किती?"

तो हसायला लागला. "साठ धर. थर्मामीटर लावून स्वयंपाक करणारा पहिला नवरा पाहिला."

नवरा हे त्याला कसं कळलं, माहीत नाही.

संध्याकाळी सरावासाठी सहा मोठी कोळंबी आणली. समोरच्या शिलाईवाल्या काकूंकडून कात्री मागितली. त्या दारातच उभ्या राहून बघत होत्या. तिसरी कोळंबी मधून तुटली तेव्हा म्हणाल्या, "उसवल्यासारखं काप, फाडल्यासारखं नको. आणि माझी कात्री धुऊन दे, उद्या मला नवरीचा ब्लाउज कापायचाय."

सहावी चांगली जमली. सहाही मीच खाल्ली. पाच चप्पल, एक बरी.


बुधवार, १२ फेब्रुवारी.

फोन नाही. खोली नंबर दोन, उणे अठरा. खोली नंबर तीन, उणे एकोणीस. फोन नाही.


शुक्रवार, १४ फेब्रुवारी. सकाळी १०.

मेहुणा आला. तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण आता घरातला कर्ता पुरुष असल्यासारखा बसतो, गुडघे लांब करून. म्हणाला, "दाजी, ताईची सर्टिफिकेटं द्या. पेटीत आहेत म्हणाली. निळी फाईल."

"कशाला?"

"नोकरी लागलीय तिला. हॉस्पिटलात, रुग्ण सांभाळायची. तिकडे लांब, रेल्वेने रात्रभराच्या अंतरावर. तीन मार्चला हजर व्हायचंय. राहायची सोय तेच करतात."

मी फाईल काढली. कागद मोजले, सात. एका कागदावर यादी करून त्याची सही घेतली. त्याने सही करताना माझ्याकडे असं पाहिलं की मला लाज वाटली. मग म्हटलं, "तिचे कपडे, स्वेटर? चहाचे दोन कप तिचे आहेत. पेटीही."

"ते नाही सांगितलं. फाईलच सांगितली."

"बाकीचं मागाहून मागवेल का?"

"मला काय माहीत, दाजी? मी विचारलं, तर ओरडली. म्हणाली, तुला सांगितलं तेवढं आण." दारापर्यंत गेला आणि वळला. "आणि ते शनिवारचं. येतेय ती. साडेसहापर्यंत पोहोचेल. परत जायला नऊ वाजून दहाची शेवटची गाडी. ती नक्की मिळाली पाहिजे असं सांगितलंय."

शेवटचं वाक्य तो भिंतीकडे बघून बोलला.

म्हणजे निरोप घ्यायलाच येतेय. राहिलेलं सामान बहुधा त्या वेळी नेईल. पेटी दोरीने बांधून ठेवावी का? संध्याकाळी बांधली, मग परत सोडली. दोर नवा आहे, वाया जाणार नाही.


रविवार, १६ फेब्रुवारी.

दुसरा रविवार. काम कमी होतं. जे लिहायला पाहिजे होतं ते आज लिहितो.

९ सप्टेंबर, सोमवार. रात्री ८:२० ला तिच्या घरून फोन आला. तिच्या वडिलांना हॉस्पिटलात नेलं होतं. आम्ही ८:५५ ला खाली उतरलो. स्टॉप सात मिनिटांवर आहे, गाडी ९:१० ची. कोपऱ्यावर मला वाटलं, कुलूप लागलं नाही. ती म्हणाली, लागलंय, मी पाहिलं. मी म्हटलं, एका मिनिटात येतो. वर गेलो. लागलं होतं. ओढून पाहिलं, सात वेळा. मग वाटलं, गॅस. कुलूप उघडलं. गॅस बंद होता. परत कुलूप लावलं, परत ओढलं. खाली धावलो तेव्हा ती स्टॉपकडे पुढे गेली होती. ड्रायव्हरला थांब म्हणत होती. तो थोडा थांबलाही म्हणे. मी गल्लीतून बाहेर आलो तेव्हा गाडीचे मागचे लाल दिवे वळणावर होते.

ती एकटी जाऊ शकली असती. माझ्यासाठी राहिली. हे मी आज पहिल्यांदा लिहिलं.

दुसरी गाडी शोधली, कोणी तयार होईना. पहाटेच्या गाडीने गेलो. ते रात्री ३:४० ला गेले होते. मेहुणा म्हणाला, दोनदा तिच्याबद्दल विचारलं त्यांनी.

त्यानंतर अठरा दिवस ती मला एका शब्दाने बोलली नाही. भांडली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. एकोणिसाव्या दिवशी किल्ली खिळ्याला अडकवली.

त्या रात्रीच्या पानावर मी काय लिहिलं होतं ते मला पाठ आहे. तरी आज वही उघडून पाहिलं. लिहिलं होतं: "९:१० ची बस चुकली. कुलूप लागलेलं होतं. गॅस बंद होता." बस्स.


गुरुवार, २० फेब्रुवारी.

डबा ताब्यात घेतला. एक शेपटी १६० ग्रॅम, दुसरी १४५. मोठी तिची. घरी आणताना बर्फाच्या पिशवीत गुंडाळून आणल्या, वाटेत दोन ठिकाणी थांबून हात लावून पाहिलं.

उस्ताद गेटापर्यंत सोडायला आला. "चाळीस मिनिटं बर्फात बसवलंस मला, तरी तुझीच बाजू घेतो बघ. एक सांगू? ती आली की तोंड उघड. ते रजिस्टर बंद कर आणि तोंड उघड."

"काय बोलू?"

"हे मला विचारतोस? तिला विचार!"


शुक्रवार, २१ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.

शेपट्या फ्रीजरमधून खाली काढल्या, ताटलीत, वर स्वच्छ फडकं. उद्या संध्याकाळी सातपर्यंत सव्वीस तास. फ्रीजमध्ये कोल्ड स्टोरेजमधला जुना थर्मामीटर ठेवलाय. ५ वाजता चार अंश. ६ वाजता पाच. ७ वाजता सहा. मला घाबरायला झालं. काकू फडकं मागायला आल्या, म्हणाल्या, "अरे शहाण्या, तूच तासातासाला दार उघडतोयस. त्यांना झोपू दे जरा."

दार उघडायचं बंद केलं. आता आत किती अंश आहेत ते कळायला मार्ग नाही.

काकूंनी एक पांढरी चादर दिली, टेबलावर घालायला. कडेला हाताने घातलेली वीण आहे. म्हणाल्या, डाग पडला तर पडू दे. मी म्हटलं, पडू देणार नाही. त्या म्हणाल्या, "तोच तर तुझा रोग आहे, बाळा."


शनिवार, २२ फेब्रुवारी. दुपारी ४.

लोणी शंभर ग्रॅम. लिंबं दोन. लसूण सोललेला, आठ पाकळ्या. मेणबत्त्या दोन, एक जास्तीची. पाव. तांदूळ भिजवलेले. कवचं कापली, उसवल्यासारखी. पंखे शाबूत. काळी शीर दोन्हीतून अख्खी निघाली. मांस वर उचललं तेव्हा ते काचेसारखंच होतं, आचारी म्हणाला तसं.

दाढी केली. कानामागे कापलं.


रविवार, २३ फेब्रुवारी. सकाळी ६ ते ८:१५. (उस्तादचा तिसरा रविवार, दहाला जायचंय.)

ती ६:५० ला आली. गाडीला उशीर झाला होता. जिन्यावर तिची पावलं वेगळी कळतात, तिसऱ्या पायरीवर ती कायम थांबते. थांबली. मी दार आधीच उघडं ठेवलं होतं. बारीक झालीय. हिरवी ओढणी जुनीच. हातात एक कापडी पिशवी.

आत आली, सगळीकडे पाहिलं. "काहीच हलवलं नाहीस."

"नाही."

खिळ्यावरच्या किल्लीवर तिची नजर एक क्षण थांबली. मग टेबलाकडे गेली. "ही चादर काकूंची ना? त्यांनी तुला दिली? मला कधी हात लावू दिला नाही." तिला थोडं हसू आलं. मला हायसं वाटलं.

७:३० ला तवा ठेवला. लोणी वितळलं, लसूण टाकला, शेपट्या ठेवल्या, बारीक आच, झाकण. ती ओट्याशेजारी स्टुलावर बसली. पूर्वी बसायची तिथेच.

"हे डोक्यात कुठून आलं तुझ्या?"

"तू म्हणाली होतीस."

"मी? कधी?"

"सोळा मार्चला. सव्वासातला. हॉटेलच्या काचेपाशी."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मला आठवत नाही."

"वहीत आहे."

"दाखव."

मी आतून वही आणली, पान काढून दिलं. तिने वाचलं. चपलांच्या ओळीशी आली तेव्हा तोंडावर हात धरला. "हे मी म्हणाले होते?" मग अजून पानं उलटली. तिने कुठल्या दिवशी काय मागितलं, कुठल्या दिवशी काय आवडलं, कुठली भाजी टाकून दिली, सगळं होतं. बराच वेळ वाचत होती. मग वही मिटली आणि वर न बघता म्हणाली, "सप्टेंबरची कुठाय?"

मला पाहिजे असतं तर मी नाही म्हणू शकलो असतो. आणून दिली. पान शोधावं लागलं नाही, ती वही तिथेच उघडते.

"कुलूप लागलेलं होतं," तिने मोठ्याने वाचलं. "गॅस बंद होता." मग म्हणाली, "एवढंच? माझे बाबा कुठेयत ह्यात?"

उस्ताद म्हणाला होता तोंड उघड. उघडलं. सगळं नीट आठवत नाही, जे आठवतं ते लिहितो. म्हटलं, तीन दिवस ते पान उघडं ठेवलं होतं, पेन घेऊन बसायचो. लिहिलं की ते कायमचं होईल असं वाटायचं. म्हटलं, तू गाडीत चढली असतीस तर भेटली असतीस त्यांना. माझ्यासाठी थांबलीस, आणि मी कुलूप ओढत होतो. म्हटलं, माफ कर म्हणायचं होतं रोज, अठरा दिवस. पण मी म्हटलं असतं तर तू 'असू दे' म्हणाली असतीस, आणि ते काही असू देण्यासारखं नव्हतं.

 तिने डोळे पुसले नाहीत. वहीवर हात तसाच ठेवून बसली होती. मी स्टुलापाशी जमिनीवर बसलो होतो. तिथे कधी बसलो ते मला आठवत नाही.

मग तिने मान वर केली. नाक ओढलं. "काहीतरी लागतंय."

तवा! झाकण काढलं तर धूर. लोणी काळं, लसणाचे कोळसे. थर्मामीटर खुपसला. एक्क्याण्णव.

"तू गॅस विसरलास?" ती उभी राहिली. "तू?"

"हो."

"गॅस? तू?"

आणि ती हसायला लागली. ओट्याला धरून हसली, डोळ्यांतून पाणी येत होतं, ते हसण्याचं की आधीचं, कळत नव्हतं. मला रडू येत होतं, सव्वीस तास गेले होते, चार रविवार गेले होते. ती म्हणाली, "थांब, हे लिहून ठेवलं पाहिजे. पेन दे." माझी ही चालू वही घेतली आणि उभ्या उभ्याच लिहिलं. वरच्या पानाच्या समासात आहे, तिच्या तिरक्या अक्षरात: "२२ फेब्रुवारी, ७:५८. आज हा गॅस विसरला. मी साक्षीदार." समासात लिहू नये. मी ते तसंच ठेवलंय.

मेणबत्ती लावली. दार लावलं. शेवंड चप्पलच झाली होती. तिने पहिला घास चावला, चावला, मग म्हणाली, "हॉटेलवाले बघायचे त्या चपला ह्याच का रे?" मलाही हसू फुटलं. कवचाच्या बाजूला आतलं थोडं मांस मऊ राहिलं होतं. तिने ते काट्याने खरवडून काढलं, निम्मं स्वतः खाल्लं, निम्मं माझ्या ताटात ठेवलं. तिथे गोड लागत होतं. खरंच गोड. चादरीवर लोण्याचा डाग पडला, नाण्याएवढा. मी उठलो नाही.

जेवताना म्हणाली, "तीन तारखेला हजर व्हायचंय."

"तुझ्या भावाने सांगितलं."

"आणि?"

"जाऊ नको म्हणायचा मला हक्क नाही."

"हक्काचं कोण विचारतंय? तुला म्हणायचंय का, ते विचारलं."

भिंतीवरच्या घड्याळात ८:३१ झाले होते. मी म्हटलं, "जाऊ नकोस."

ती ताटातल्या रिकाम्या कवचाकडे बघत होती. बोटाने ते सरळ केलं, पंखा बाहेरच्या बाजूला. "नोकरीच्या कागदावर सही केलेली नाही अजून," म्हणाली. मी पुढे काय ते विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं का?

८:४८ ला निघालो. गॅस मी बंद केला, एकदा हात लावून पाहिला. ती म्हणाली, "पिशवी घे आणि उतर खाली. कुलूप मी लावते."

मी उतरलो. तिसऱ्या पायरीवर थांबून ऐकलं. दार ओढल्याचा आवाज, कुलपाची खटक. मग ती आली.

कोपऱ्यावर माझे पाय थांबले. त्याच जागी. तीही थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"बघून यायचंय?"

"हो."

"मी थांबते हवं तर."

ती खरंच थांबली असती. ते मला दिसत होतं, आणि त्यामुळेच मला वर जाता आलं नाही. म्हटलं, "नको. चल." पुढची पाच मिनिटं माझे हात खिशात ओले झाले होते. गाडी ९:०८ ला आली. तिला खिडकी मिळाली. काच वर करता येत नव्हती, ती आतून काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही. मी मान हलवली. तिनेही हलवली. गाडी वळणावरून गेली, लाल दिवे दिसेनासे होईपर्यंत उभा होतो.

परत येताना धावलो नाही. सात मिनिटांना अकरा लागली. कुलूप लागलेलं होतं. एकदाच ओढलं.

पण खिळ्यावर दुसरी किल्ली नाही. माझी माझ्याच खिशात होती, म्हणजे तिने खिळ्यावरच्या किल्लीने कुलूप लावलं आणि घाईत ती तिच्याकडे राहिली. स्टॉपवर मागायला पाहिजे होती. एका दिवसात दोन गोष्टी विसरलो.


मंगळवार, २५ फेब्रुवारी. संध्याकाळी ७:४०.

कालच किल्लीवाल्याला विचारून ठेवलं होतं. नवी करायला पस्तीस. आज उस्तादला सांगितलं, तर तो गाडी थांबवून माझ्याकडे बघत राहिला. "नवी करून घेऊ नकोस."

"का?"

"सांगितलं ना, नको." आणि हसत हसत दोन नंबरच्या खोलीत शिरला. बिल्ला टांगायला विसरला होता, परत येऊन टांगला.

तिला आत्ता फोन केला. सांगितलं की दुसरी किल्ली चुकून तुझ्याबरोबर आली, मेहुणा इकडे येईल तेव्हा त्याच्याकडे दे, नाहीतर पोस्टाने पाठव, पोस्टाचा खर्च मी देईन.

 ती म्हणाली, "असू दे माझ्याकडे."

"किती दिवस?"

"तू जेवलास का?"

"पावणेआठला कोण जेवतं?" मी म्हटलं. ती हसली. फोन ठेवला. किती दिवस ते सांगितलंच नाही. सही केली की नाही तेही नाही. तीन तारखेला सहा दिवस आहेत.

खिळ्याकडे परत परत लक्ष जातं. पाच महिने किल्ली होती, आता भिंतीवर तिच्या आकाराची फिकट खूण तेवढी राहिलीय. घरात बरं वाटत नाही रिकामा खिळा बघून. कामावर उलट असतं. तिथे खिळा रिकामा दिसला की मी समजतो, माणूस थंडीतून निघाला, आता निर्धास्त.

हिशोब.

खर्च:
शेवंडीच्या शेपट्या, फाटका डबा, अर्ध्या किमतीत: ६८०
कोळंबी, सरावाची: १२०
लोणी, लिंबं, लसूण, पाव: १४५
मेणबत्त्या ३: ३० (एक शिल्लक)
एकूण: ९७५

देणे:
उस्तादला रविवार १ (३ भरले)
काकूंची चादर धुऊन. डाग दोनदा धुतला, गेला नाही. त्या म्हणाल्या राहू दे. तरी देणे लिहिलं आहे.

येणे:
किल्ली १. मुदत ठरलेली नाही.